विजेच्या सायकलीने टेकडी जेर केल्याची हकिकत

आज्ञा जाहली की, घड्याळे दुरुस्त करणारे आमचे घड्याळजीराव यांच्या मोहिमेचे वर्तमान जैसे घडले तैसे लिहावे, पदरचे काही घालू नये. त्यावरून, पदरचे अगदी थोडे घालून, लिहिले ऐसे जे:

रावसाहेबांच्या मातोश्री थोरल्या लेकीपाशी टेकडीमाथ्यावर राहावयास गेल्या, आणि वर जाणारी बस बंद पडली, आणि रावसाहेबांस जिना चढतानाही धाप लागे, सबब तीन महिने मायलेकांची भेट नाही. मग फोनावरून निर्वाणीचे फर्मान आले की, रविवारी चारला खिडकीत बसते, आलास तर ये, नाही तर यापुढे फोनही करू नकोस. तेव्हा विजेची सायकल घेण्याची मसलत ठरली.

मग दुकानावर स्वारी गेली. एक सायकल दमदार, परंतु बसता पाय भुईस टेकेनात. दुसरी देखणी, परंतु सीट दगडासारखी. रावसाहेबांनी शंका विचारून विचारून दुकानदारास सळो की पळो केले. शेवटी सौभाग्यवती सरकारांचा हुकूम सुटला की, कोणतीही घ्या पण आज घ्या, तेव्हा तिसरी घेतली. मग हेल्मेट, आरसे, घंटी, मागला तांबडा दिवा आणि हत्ती बांधावा ऐसे साखळकुलूप, इतका सरंजाम जाहला. रोज सकाळी चाकांची हवा पाहावी, साखळीस थेंब थेंब तेल द्यावे, मऊ फडक्याने पुसावे. इतके लाड आमचे कधी झाले नाहीत, ऐसे सरकारांनी भर स्वयंपाकघरात ऐकविले.

रविवारी कूच जाहले. सपाटीस वीज कशाला जाळा, ऐसा काटकसरी विचार करून रावसाहेबांनी टेकडीच्या पायथ्यापर्यंत पायानेच सायकल मारली, आणि तेथे मोठ्या इतमामाने बटण दाबिले. काहीच घडेना. खाली वाकून पाहतात तो बॅटरीची जागा रिकामी! घाबरून घरी फोन लाविला.

"अहो, ती इथे कपाटात आहे, फडक्यात गुंडाळून. तुम्हीच ठेवलीत ना काल!"

काम नसले की घड्याळाचा सेल काढून ठेवावा, हा रावसाहेबांचा पंचवीस वर्षांचा शिरस्ता. तो हातांनी सवयीने सायकलीसही लागू केला होता.

माघार घ्यावी तो वर खिडकीत मातोश्री हात हालविताना दिसल्या. मग रावसाहेबांनी मनाचा हिय्या केला, आणि ते अवजड धूड ढकलीत चढू लागले, आणि विजेच्या खांबापाशी एक मुक्काम केला, आणि बाकावर दुसरा, आणि दुकानदाराच्या सात पिढ्यांचा उद्धार केला, ज्यात त्याचा काहीएक अपराध नव्हता. चार वाजून वीस मिनिटांनी दारी पोहोचले. मातोश्री खिडकीतच होत्या.

"अरे, चालत येता येत होतं तुला," मातोश्री म्हणाल्या, "मग तीन महिने कशाची वाट बघत होतास?"

रावसाहेबांचे डोळे भरून आले, आणि घामाचे निमित्त करून त्यांनी ते पुसले.

येणेप्रमाणे टेकडी फत्ते जाहली. आपल्याकडील नुकसान, एक सदरा भिजला. बॅटरी कपाटात शंभर टक्के भरलेली, जैसी होती तैसी. पुढील रविवारी चारला हजर राहण्याचे फर्मान जाहले, ते रावसाहेबांनी मातोश्रींच्या पायांवर डोके ठेवून कबूल केले, हे सर्वांस जाहीर असावे.