एकशे अठरा नंबरचा मेंबर

नवघरच्या दिपेश मयेकरने एका रविवारी बायकोचं लायब्ररीचं पुस्तक आपण होऊन परत करायला नेलं आणि स्वतःच्या पायावर धोंडा पाडून घेतला. (आपण होऊन म्हणजे काय, केबिन रोडला बोंबील आणायला जायचंच होतं.) काउंटरवरच्या काशीनाथने पुस्तक कपाटात न लावता वेगळं ठेवलं.

"हे एकशे अठरा नंबरला जाणार. त्रेसष्ट नंबरचं पुस्तक परत आलं की दुसऱ्या कोणाला द्यायचं नाही, असं सांगून ठेवलंय."

त्रेसष्ट म्हणजे आनंदी, दिपेशची बायको. एकशे अठरा कोण, हे काशीनाथ सांगेना. मेंबरचं नाव बाहेर द्यायचं नाही असा नियम होता आणि काशीनाथ नियमाला चिकटून राहणारा माणूस. दिपेशने कपाटातली पाच-सहा पुस्तकं काढून शेवटच्या पानावरच्या चिठ्ठ्या पाहिल्या. त्रेसष्ट, लगेच एकशे अठरा. पुन्हा त्रेसष्ट, पुन्हा एकशे अठरा. बोंबील न घेताच तो घरी आला.

त्या दिवसापासून एकशे अठरा नंबर त्याच्या डोक्यातून जाईना. खादीचा झब्बा, राखलेली दाढी आणि पोट अजिबात नाही, असा तो माणूस दिपेशला जेवताना समोर दिसायचा. आनंदीला त्याने सहज विचारल्यासारखं विचारलं, की लायब्ररीत कोण कोण येतं. वाचणारे येतात, असं ती भाजी निवडता निवडता म्हणाली. ते त्याला फार लागलं, कारण दहावीनंतर त्याने अथपासून इतिपर्यंत वाचलेलं एकमेव पुस्तक मिक्सरबरोबर आलेलं होतं.

चौथ्या दिवशी दिपेश गुपचूप मेंबर झाला. नंबर दोनशे चाळीस. आनंदीने पुस्तक परत केलं रे केलं, की हा ऑफिसातून धावत जाऊन ते उचलायचा. पुस्तक राखून ठेवायचं असं नियमात कुठे लिहिलंय, असं त्याने काशीनाथला विचारलं. काशीनाथने नियमावली दोनदा वाचली आणि मुकाट्याने पुस्तक दिलं.

आता पुस्तक आणलं म्हणजे आत काय आहे ते बघायला हवं. दिपेश ते ऑफिसच्या ड्रॉवरमध्ये ठेवून लंच टाइममध्ये वाचू लागला. पहिल्याच पुस्तकात त्याला समासात पेन्सिलच्या बारीक खुणा सापडल्या. पेन्सिल आनंदीचीच, वाणसामानाच्या यादीवरची. म्हणजे हा सगळा निरोपानिरोपीचा मामला होता तर! पण खुणा कशावर? फ्रिज उघडा टाकून खायला काय आहे विचारणाऱ्या माणसावर. घोरत असताना मी जागाच होतो म्हणणाऱ्यावर. घासाघीस करून शिळे बांगडे घरी आणणाऱ्यावर.

दिपेश जळून खाक झाला. असल्या ऐतखाऊ, घोरणाऱ्या माणसात हिने पाहिलं तरी काय?

खुणा शोधता शोधता त्याची तीन पुस्तकं झाली. तिसऱ्यात तर तो असा गुंतला, की मध्ये चाळीस पानं खुणा शोधायच्याच राहिल्या आणि मागे जाऊन पुन्हा पाहावं लागलं.

चौथं पुस्तक घ्यायला तो गेला, तेव्हा काउंटरपाशी पांढऱ्या केसांच्या, हातात कापडी पिशवी घेतलेल्या एक गुजराती बाई उभ्या होत्या. काशीनाथने त्यांना दिपेशकडे बोट करून दाखवलं.

"तुम्हीच का दोनशे चाळीस?" त्या म्हणाल्या. "तीन हफ्त्यापासून माझी बुक पळवताय तुम्ही. मी हंसाबेन. एकशे अठरा."

दिपेशला एकदम इतकं हलकं वाटलं, की त्याने त्यांना स्टूल ओढून दिलं. आणि मग न राहवून विचारलं, की त्रेसष्टचीच पुस्तकं का?

"ती आनंदी आहे ना, तिची चॉइस एक नंबर. आणि तिचा मिस्टर जिथे जिथे बुकमध्ये सापडतो, तिथे ती टिक करते. मी तर पहिले टिकच वाचते. इतकी हसते, काय सांगू." त्यांनी चष्मा पुसला. "बिचारीचा मिस्टर एकदम नमुना आहे. तुम्ही ओळखता काय त्याला?"

"नाही," दिपेश म्हणाला. "तोंडओळख आहे."

तो घरी आला तेव्हा त्याचे कान तापले होते. हसावं की भांडावं ते त्याला ठरवता येईना. भांडायचं तर आधी चोरून मेंबर झाल्याचं सांगावं लागलं असतं. शिवाय बायकोच्या नजरेत आपण नेमके कोण, हे आता त्याला पान नंबरासकट ठाऊक झालं होतं, आणि ते बदलायला हवं होतं.

पुढच्या आठवड्यात त्याने कोणाचीही चिठ्ठी न बघता, स्वतः चाळून, एक कादंबरी निवडली. रात्रीचं जेवण झाल्यावर चार दिवस राजरोस हॉलमध्ये बसून वाचली. आनंदीने फक्त टीव्हीचा आवाज कमी केला. कादंबरीचा नायक समजूतदार, देखणा आणि बायकोवर जीव टाकणारा होता. दिपेशने यादीची पेन्सिल घेतली, एकाच पानावर आलेल्या या तिन्ही गोष्टींसमोर एकेक खूण केली आणि पुस्तक आनंदीला दिलं.

तीन दिवसांनी, ती बाजारात गेल्यावर, त्याने ते पान उघडलं. जीव टाकण्यापुढची खूण तशीच होती. 'समजूतदार'पुढची खोडली होती. आणि 'देखणा'पुढे खोडरबर इतक्या जोराने चाललं होतं, की छापलेला शब्दसुद्धा निम्मा गेला होता.