बाईसाहेबांचे शॉकअप

आमच्या डोंबिवलीच्या सोसायटीत आगाशे काका सेक्रेटरीपासून कुरिअरवाल्यापर्यंत सगळ्यांना अरेतुरे करतात. अहोजाहो फक्त त्यांच्या गाडीला. लाल, दोन सीटची, टप उघडणारी जुनी विलायती गाडी. "बाईसाहेब बाहेर निघाल्यात" अशी हाक आली की आम्ही मुकाट्याने स्कूटर बाजूला घेतो.

यंदा बाईसाहेब पुढून डुचमळायला लागल्या. खड्डा लागला की चारदा नाचून मगच थांबायच्या. एरवी काकांनी तेही कौतुकाने सांगितलं असतं. पण वसुधा काकूंच्या पाठीचं ऑपरेशन झालेलं. धक्के बसणार नसतील तरच बाहेर पडा, असं डॉक्टरांनी बजावलेलं, आणि काकूंना खडवलीला बहिणीकडे जायचं होतं. मी म्हटलं, माझी गाडी न्या.

"तुझी गाडी चांगली आहे रे," काका म्हणाले, "पण वसूला मी बाईसाहेबांतूनच नेणार."

शहाडहून मेकॅनिक आला, गाडीखाली शिरला आणि गंभीर चेहऱ्याने बाहेर आला. "काका, पुढचे शॉकअप कोणीतरी काढून नेलेत. तिथं कायच नाय."

काकांचा चेहरा उजळला. "अरे, दांडा लावलेली लोखंडी पेटी दिसली ना? तेच शॉकअप. आत तेल असतं, ते धक्के गिळतं. तुझी ती नळकांडी यांना चालत नाहीत."

त्यानंतर त्याला पान्याला हात लावू देणं शक्यच नव्हतं. काकांनी विलायतेहून जोडी मागवली. खराब एकच होता, पण "एका पायाची चप्पल घेतोस का रे?" बसवण्याआधी दांडा वरखाली करून आतली हवा काढावी लागते. ते काम त्यांनी बेडरूममध्ये केलं. काकू पडल्या पडल्या मोजत होत्या, काका दमून थांबले की म्हणायच्या, "बासष्ट झाले, पुढे."

मग स्प्रिंग उसळू नये म्हणून खाली जॅक लावून, सत्तरीतल्या या माणसाने दोन रविवारांत दोन्ही बसवले. मला फार अभिमान वाटला. मी नुसता टॉर्च धरला होता, पण ऑफिसात 'आम्ही बसवले' असंच सांगितलं.

तिसऱ्या रविवारी काकू गाडीत बसल्या. गेटबाहेर आमचा नावाजलेला खड्डा आहे. काका इतकं हळू चालवत होते की मी शेजारून चालत होतो. त्यांच्या कपाळावर घाम होता. पुढची चाकं खड्ड्यात उतरली, वर आली. मागचीही आली.

"अहो," काकू समोर बघत म्हणाल्या, "तो खड्डा आला की सांगा हं. मी घट्ट धरून बसेन."

काकांनी गाडी थांबवली. मग बराच वेळ त्यांना गिअर सापडेना.