राणीची वाक्यं

आमचे दगडूतात्या इंग्रजीत एक वाक्य बोलले की थांबत. दम लागला म्हणून नव्हे. समोरच्याकडे बघत, मान किंचित कलती करून, काहीतरी ऐकत असल्यासारखे उभे राहत आणि मग "वेल सेड" म्हणून पुढचं वाक्य घेत. समोरच्याने तोवर तोंड उघडलेलं असो वा नसो. कुंभिवलीच्या नाक्यावरचा चहावाला पहिल्यांदा चांगलाच बिचकला होता. "गुड फेलो, ब्रिंग मी टी," म्हणून तात्या त्याच्याकडे टक लावून उभे.

"तात्या, बरं नाय का वाटत?" त्याने विचारलं.

"वेल सेड," म्हणाले तात्या आणि बाकावर बसले.

साजगावच्या कागदाच्या कारखान्यात ते टेलिफोनच्या बोर्डावर ऑपरेटर होते. मी तिथेच टायपिस्ट, आणि कुंभिवलीत आमची घरं भिंतीला भिंत लागून. त्यामुळे त्यांच्या इंग्रजीपासून मला रविवारीही सुट्टी नसे. हे इंग्रजी त्यांनी दोन ठिकाणांहून उचललं होतं. एक, लगद्यासाठी आलेल्या रद्दीतून वाचवलेलं, कव्हर फाटलेलं तीनचारशे वर्षांपूर्वीचं नाटक. त्यात एक राजा, एक राणी आणि शेवटी बरेच मुडदे. दुसरं ठिकाण म्हणजे बोर्डावरचे ट्रंक कॉल. दोन्हींची त्यांनी अशी काही खिचडी केली होती की पुण्याहून फोन करणाऱ्याला आधी "हू कॉल्स? स्पीक, नोबल सर," ऐकावं लागे. लाईन एंगेज असली की, "अलास, माय लॉर्ड, ही टॉक्स विथ अनदर." मुंबईच्या एका व्यापाऱ्याला तर त्यांनी "होल्ड दाय लाईन, ऑर डाय," असं बजावलं होतं. तो भला माणूस बराच वेळ रिसीव्हर कानाला लावून बसला म्हणे. "अलास" मात्र फोनपुरतं नव्हतं. बस चुकली, अलास. डब्यात पुन्हा वांगं, अलास.

नवे मॅनेजर आले आणि आमचं हसणं आटोपलं. त्यांना "नोबल सर" एक वेळ चाललं असतं, पण ते थांबणं चालेना. "हा माणूस बोलतो आणि गप्प होतो. लाईन तुटली असं वाटतं," ते म्हणाले. सोमवारी मुंबईचे मोठे साहेब फोनवर बोलणार होते. तेव्हाही तात्या असेच थांबले, तर बोर्डावरून त्यांची रवानगी थेट गोदामात.

तात्यांचा जीव त्या बोर्डात होता. त्यांची सवय मोडायची म्हणून मी रविवारी त्यांच्याकडे गेले आणि नाटकाचं पुस्तक उघडलं. ठरलं असं की त्यांनी राजाचं वाक्य म्हणायचं आणि मी लगेच राणीचं वाचायचं, म्हणजे थांबायला फटच राहणार नाही. तात्यांनी राजाचं वाक्य मोठ्या झोकात म्हटलं. मी राणीचं सुरू करणार, तोच त्यांनी पानावर पंजा ठेवला.

"ते नको गं वाचूस, पोरी. ते तिचं हाय."

ती म्हणजे जनाकाकू, त्यांची बायको. काकूंना जाऊन दोन पावसाळे झाले होते. विहारातल्या संध्याकाळच्या वर्गात दोघं बरोबरच एबीसीडी शिकले, एवढंच मला ठाऊक होतं.

"आमी दोगं याच्यावरच इंग्रजी शिकलो," तात्या म्हणाले. "राजा मी, राणी ती. भाकरी थापता थापता बोलायची. तिची वाक्यं मी कदी पाठ केलीच नाय. कशाला करू? ती होती ना." पंजा तसाच पानावर. "आता मी बोललो की तिचा आवाज येतो. शब्द नाय कळत गं, नुसता आवाज. तिचं होऊ देतो, मंग पुढं जातो."

माझ्या डोळ्यांत टचकन पाणी आलं. मी पुस्तक मिटलं. आता यांना थांबू नका म्हणून कुठल्या तोंडाने सांगणार?

सोमवारी मॅनेजर बोर्डामागे येऊन उभे राहिले. लाईन भलतीच खराब होती. "स्पीक, नोबल सर," म्हणून तात्या थांबले. मॅनेजरांनी कपाळाला हात लावला. पलीकडून नुसती खरखर, आणि बऱ्याच वेळाने साहेबांचा तुटक आवाज. तात्यांनी तो शेवटपर्यंत ऐकला, कंपनीच्या सर्वांत मोठ्या माणसाला "वेल सेड" अशी शाबासकी दिली आणि मॅनेजरांच्या केबिनमध्ये लाईन जोडून दिली.

बोलणं संपवून मॅनेजर केबिनबाहेर आले ते कानाची पाळी चोळतच. "साहेब विचारत होते, हा ऑपरेटर कोण? आम्ही सगळे म्हणे त्यांना अर्ध्यात तोडतो, हा एकटा ऐकून घेतो. याला तिथून हलवायचा नाही."

संध्याकाळी बसमध्ये तात्यांपेक्षा मीच जास्त खूश होते. घरी पोचल्यावर त्यांनी कुलूप काढलं, दार ढकललं आणि आतल्या अंधाराला सांगितलं, "माय क्वीन, आय कीप माय थ्रोन."

मग त्यांची मान कलली. मी माझ्या दाराच्या कडीला हात घातला होता, तो तसाच धरून ठेवला. कडी वाजली असती तर काकूंचं बोलणं मधेच तुटलं असतं. बऱ्याच वेळाने, अगदी हळू, "वेल सेड" ऐकू आलं. त्यानंतर मी कडी काढली.