झिंगरूकाका आणि बिबट्या

नाकाडोंगरीजवळच्या आमच्या गावात बिबट्याला रोज संध्याकाळी शिव्या खाव्या लागत. देणारे आमचे शेजारी झिंगरूकाका. बकऱ्या कोठ्यात कोंडल्या की जंगलाकडे तोंड करून ते सुरू होत. "काहून बे, माह्याच बकऱ्या गोड लागतेत का तुले? ये एकडाव समोर, दाखवतो!" एवढं बोलून लगबगीनं घरात शिरत आणि कडी लावून घेत.

"मी कोनाले भेत नाही," हे त्यांचं पालुपद. कोंबडी जोरात फडफडली तरी ते खाटेवर चढून हेच म्हणत.

आणखी एक बकरी गेल्यावर त्यांनी जंगलखात्याच्या साहेबाला भंडावून सोडलं. "पिंजरा लावा अन् दूर नेऊन सोडा त्याले. तिकडं कोनाच्या बकऱ्या खाईन, आपल्याले काय करायचं?" त्यांच्या एकुलत्या एका लेकीनं, सुनंदानं, मनाविरुद्ध लग्न केलं तेव्हाही त्यांनी असंच हात झटकले होते. "मले पोरगीच नाही," म्हणाले. तेव्हापासून बापलेकीत अबोला होता.

शेवटी बिबट्या पिंजऱ्यात सापडला. सारं गाव लोटलं. काका सगळ्यांत पुढे, पण पिंजऱ्यापासून बेताच्या अंतरावर. त्याला यथेच्छ सुनावून झाल्यावर त्यांनी गार्डाला विचारलं, "कोठी सोडता जी याले?"

"अड्याळच्या पलीकडं, जंगलात."

काका गर्दीतून वाट काढत घराकडे निघाले. सुनंदाचं सासर तिकडेच.

दुसऱ्या दिवशी सकाळी पाहतो तर काका स्वतःच्या कोठ्याचं दार बिजागऱ्यांसकट उपटत होते.

"काका, बिबट्या गेला म्हणून दारही नको झालं का?"

"सुनंदाच्या कोठ्याले दार नाही. नुसत्या काट्या लावून ठेवते."

"तुम्हाला काय ठाऊक? तुम्ही तर कधी गेला नाहीत."

"तिच्या गावचा एक जन वरठीले कामाले हाय. जाऊन पुसत राहतो त्याले," काका खेकसले. "तुले कायले पाहिजे चौकशा? पकड हे दार."

बकऱ्या माझ्या ओसरीत बांधल्या, दार टेम्पोत टाकलं आणि आम्ही निघालो.

सुनंदा बाहेर आली आणि जागच्या जागी थिजली. काकांनी तिच्याकडे पाहिलंसुद्धा नाही. जावई मदतीला धावला, त्यालाही त्यांनी हातानंच बाजूला सारलं. दार बसलं. ते उघडझाप करून पाहत काका दारालाच म्हणाले, "सांज झाली का बाहेर निंगू नोको. कडी लावत जाय."

"बाबा, हात धुवा," सुनंदा म्हणाली. "भात टाकते."

"मले भूक नाही," म्हणत काका रांजणाकडे गेले. हात धुतले आणि मग कितीतरी वेळ, आमच्याकडे पाठ करून, तोंडावर नुसतं पाणी मारत राहिले.