शेवंतीची फिरकी आणि खंडेरावांचं ऊन

एका जंगलात वाघ होता. पण मुलांनो, तो या गोष्टीत नाही. त्याला टेबल टेनिस येत नव्हतं. बाकी सगळ्या जंगलाला मात्र त्या खेळाचं वेड लागलं होतं.

तिथे शेवंती नावाची खार राहायची. तिच्यासारखी फिरकी कोणालाच जमत नसे. ती चेंडू बडवायची नाही, बॅटच्या रबरानं अलगद खालून वर घासायची. टप्पा पडला की चेंडू असा उसळायचा, की समोरचा नुसती हवा झोडपायचा.

खेळ संपला की ती ओल्या फडक्यानं रबरावरची धूळ पुसायची, सावलीत वाळवायची आणि बॅट पळसाच्या पानांत गुंडाळायची.

खंडेराव अस्वलाची तऱ्हा निराळी. त्याची बॅट सदा खडकावर उन्हात. तिनंच तो माश्या हाकलायचा, पाठ खाजवायचा. रबर वाळून काचेसारखं गुळगुळीत झालं होतं.

"अहो खंडेराव, निदान पुसा तरी!" शेवंती म्हणायची. "रबर चिकट असलं तरच चेंडूला धरतं."

"बॅट आहे गं ती. बाळ नव्हे!"

पुढे स्पर्धा भरली. जिंकेल तो जंगलाचा प्रशिक्षक होणार होता. पिल्लांना फिरकी शिकवायची, हे शेवंतीचं जुनं स्वप्न. अंतिम सामन्यात तिच्यासमोर खंडेराव आला.

तिनं जीव ओतून फिरकी दिली. खंडेरावानं नुसती बॅट आडवी धरली. त्या गुळगुळीत रबरानं चेंडूला धरलंच नाही. त्यामुळे तिची फिरकी तशीच माघारी आली आणि तिच्यावरच उलटली. चेंडू जाळ्यात! तिनं आणखी फिरवला. तो आणखी उलटला. साधा फटका मारायची तिला सवयच नव्हती.

"यांना कळतंय तरी का, काय होतंय ते?" तिनं पंच बगळ्याला विचारलं.

"गुण कळण्याला नसतात, बाई," बगळा म्हणाला. "चेंडूला असतात."

ती हरली.

खंडेराव प्रशिक्षक झाला. पहिल्याच भाषणात त्यानं विजयाचं रहस्य सांगितलं, "ऊन!" दुसऱ्या दिवशी साऱ्या जंगलाच्या बॅटा खडकावर. शेवंती तेवढी फडकं घेऊन बसलेली.

मग नदीपलीकडचं पाणमांजरांचं पथक खेळायला आलं. ती फिरकी द्यायचीच नाहीत, सरळ मारायची. उलटायला फिरकीच नाही म्हटल्यावर वाळक्या रबरांचं काही चालेना. खंडेरावासकट सगळे हरले. जिंकली एकटी शेवंती.

संध्याकाळी सभा बसली.

"सगळे हरले. मग ही एकटीच कशी जिंकली?" खंडेराव गरजला.

"संघभावना नाही!" माकड म्हणालं.

"शिकवलेलं ऐकत नाही!" साळिंदर म्हणालं.

शेवंतीला संघातून काढलं. तिच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं. तिनं बॅट उचलली आणि नदीवर पडलेल्या ओंडक्यावरून पलीकडे निघून गेली.

काठावर पाणमांजरं पोहत होती. त्यांची म्होरकी पाण्यातून वर आली.

"मघाशी तो चेंडू वळवलास कसा गं? आमच्या पोरांना शिकवशील?"

शेवंतीनं डोळे पुसले. "शिकवीन की," ती म्हणाली. "पण आधी हात कोरडे करा."

तात्पर्य : मुलांनो, रबर रोज पुसावं, सावलीत वाळवावं, झाकून ठेवावं. फक्त प्रशिक्षकांच्या देखत हे करू नये.