रेवणप्पांचा तुलनात्मक तक्ता

रेवणप्पांनी आयुष्यात तीन दरपत्रकं मागवल्याशिवाय काहीही विकत घेतलं नव्हतं. जिंतूरच्या एका सरकारी कार्यालयात, खरेदी शाखेत बत्तीस वर्षं काढल्यावर माणसाचं दुसरं काय होणार? घरातला मिक्सरसुद्धा तुलनात्मक तक्त्यावर सही होऊन आला होता. (बायको करताना मात्र एकच स्थळ पाहिलं. घाई झाली, असं वैजयंती अजून म्हणते. म्हणजे तिची.)

वैजयंतीचं माहेर येलदरीकडे, डांबरी रस्त्यावरच्या फाट्यापासून चार किलोमीटर आत. श्रावणात ते चार किलोमीटर म्हणजे नुसता काळ्या मातीचा चिखल. दर पंचमीला तिचा भाऊ शिवप्रकाश मुराळी म्हणून ट्रॅक्टर घेऊन फाट्यावर यायचा, बहिणीला शेजारी मडगार्डवर बसवायचा आणि दाजींना मागे ट्रॉलीत. गेल्या वर्षी ट्रॉलीत दाजींच्या सोबतीला एक म्हैस होती. उतरताना सासूबाई, शिवम्मा, हसल्या नाहीत. पण त्यांनी पदर तोंडाला लावला. तो पदर रेवणप्पांना वर्षभर टोचत राहिला. यंदा त्यांनी फोनच केला, की मुराळी पाठवू नका, तुमच्या लेकीला मी माझ्या गाडीवरून आणतो.

चिखलात चालणारी गाडी म्हणजे मोटोक्रॉसची, हे त्यांनी मोबाइलवर पाहिलं होतं. तिच्यातही तीन प्रकार निघाले: साधं मॉडेल, शोरूममधलं प्रीमियम मॉडेल आणि कंपनीच्या शर्यतपटूंसाठी फॅक्टरीत खास बांधलेली गाडी. तीन म्हटल्यावर रेवणप्पांना अगदी घरच्यासारखं वाटलं. नवा नमुना कुठं आखत बसा, म्हणून त्यांनी गेल्या साली ऑफिसनं घेतलेल्या फवारणी पंपांचा तक्ता काढला. पंप काय, गाडी काय, इंजिन दोन्हींना, टाकी दोन्हींना, वजन दोन्हींना. सतरा मुद्दे तयारच होते.

महिनाभर ते रकाने भरत होते. साध्या आणि प्रीमियमचं इंजिन एकच, सांगाडा एकच, टाकीही एकच. प्रीमियमचे शॉकअब्सॉर्बर भारी, सायलेन्सर हलका आणि अंगावर शर्यतीच्या गाडीसारखी स्टिकरं. फॅक्टरीच्या गाडीसाठी त्यांनी परदेशी कंपनीला सात दिवसांत दरपत्रक पाठवण्याविषयी कळवलं. ती गाडी आम्ही विकत नाही, असं सभ्य उत्तर आलं. ‘विक्रीस नाही, सबब अपात्र,’ असा शेरा मारून त्यांनी तिला बाद केलं. साधी घ्यावी, तर जायचं होतं सासरी. प्रीमियम मंजूर झाली.

ही गाडी डांबरी रस्त्यावर चालवता येत नाही, हे शोरूमवाल्यानं बजावलं होतं. त्याचंही नियोजन झालं. पंचमीच्या आदल्या दिवशी टेम्पोनं गाडी थेट फाट्यावर उतरवली आणि टेम्पो निघून गेला. वैजयंती नवी साडी नेसून, लाडवांचा डबा घेऊन उभी होती. तिनं चाकाखाली लिंबू ठेवलं, हँडलला हार घातला. गाडी स्टँडला लावावी म्हणून रेवणप्पा पायानं चाचपडू लागले. स्टँड नव्हताच. शोरूममध्ये ती एका घोडीवर चढवलेली होती. पूजा होईपर्यंत ते गाडीला कवटाळून उभे राहिले, त्यामुळे अर्धं कुंकू त्यांनाच लागलं.

“मी बसू कुठं?” वैजयंतीनं विचारलं.

रेवणप्पांनी मागे पाहिलं. बसण्याची गादी एकाच माणसापुरती होती आणि तिच्या पुढं, म्हणजे मागं, आभाळ होतं. त्यांनी खिशातून तक्ता काढून तिच्याकडे दिला. तिनं सतराही मुद्दे वाचले. पाठीवर घ्यायच्या पंपावर कोणाची बायको बसत नसते, त्यामुळे तो मुद्दाच तिथं नव्हता.

निदान एकट्यानं जाऊन दाखवावं, म्हणून ते मैलाच्या दगडावर चढले आणि तिथून गाडीवर, कारण जमिनीवरून त्यांचा पाय पोचत नव्हता. गाडी सुरू झाली. त्यांनी मूठ पिळली. मागचं चाक जागच्या जागी गरगरलं, गाडी हातभर सरकली आणि रेवणप्पांसकट अलगद आडवी झाली. इजा कुणाला झाली नाही. मागं चांगली लांब, कडुलिंबाखाली उभी असलेली वैजयंती मात्र उडालेल्या चिखलानं पदरापासून निऱ्यांपर्यंत काळी झाली होती. तिनं डोळे पुसले आणि भावाला फोन लावला.

शिवप्रकाश आला. बहीण मडगार्डवर बसली, गाडी ट्रॉलीत चढली. दोर आणायचा राहिला होता आणि गाडीला स्टँड नव्हता, तेव्हा चारही किलोमीटर रेवणप्पा ती धरून उभे होते.

दारात शिवम्मांनी भाकरतुकडा ओवाळला. “मागल्या साली म्हशीला धरून आलते,” त्या लेकीला हळूच म्हणाल्या. यंदा त्यांना पदर पुरला नाही.

चहा झाल्यावर शिवप्रकाशनं तो तक्ता मागून घेतला आणि ओसरीत बसून शेवटपर्यंत वाचला.

“दाजी, लय बारीक काम केलंय तुमी,” तो गंभीरपणे म्हणाला. “सोळा मुद्दे भरलेत. सतरावा तेवढा मोकळा हाय. फवारा किती लांब जातो?”

रेवणप्पा काही बोलायच्या आत आतून, धुतलेली साडी पिळता पिळता, वैजयंतीचा आवाज आला.

“पंधरा फूट लिव.”