प्रवासी सर येणार आहेत

भूगोलाच्या सरांना जगातल्या सगळ्या सामुद्रधुन्या पाठ होत्या, पण बोलायला माणूस नव्हतं. बायको जाऊन चार वर्षं झाली होती. मुलगी लग्न होऊन लांब गेली होती. शिक्षकांच्या खोलीत त्यांची खुर्ची खिडकीकडे तोंड आणि सगळ्यांकडे पाठ करून असे. ती त्यांनीच तशी ठेवली होती आणि आता फिरवायची कशी, हे त्यांना समजत नव्हतं.

अशात मुख्याध्यापिका बाईंची सूचना निघाली. प्रत्येकाने शिक्षकांच्या ऑनलाइन मंचावर खातं उघडायचं, दुसऱ्या शाळेतला एक सहकारी गाठायचा, आठवड्यातून दहा वेळा शिकवण्यावर चर्चा करायची आणि त्याची प्रत सोमवारी बाईंच्या टेबलावर ठेवायची. ज्याला सहकारी मिळणार नाही, त्याच्या वार्षिक शेऱ्यात 'एकलकोंडा' असं लिहिलं जाईल. आता घ्या! हा शब्द लोक पाठीमागे म्हणतात, हे सरांना ठाऊक होतं. पण तो सही-शिक्क्यानिशी कागदावर यावा, हे काही त्यांना सोसवेना.

त्यांनी अकरा जणांना विनंती पाठवली. दहा जणांनी उत्तर दिलं नाही. अकराव्याने लगेच दिलं, पण तो गाद्या विकत होता. शेवटी सरांनी दुसरं खातं उघडलं. नाव 'प्रवासी', चित्र एका डोंगराचं, अनुभव तीस वर्षं. मग स्वतःच स्वतःला विनंती पाठवली आणि थोडा विचार करून स्वीकारली.

आधी नुसत्या पाट्या टाकणं चाललं होतं. 'छान पाठ', 'धन्यवाद', 'छान नकाशा', 'आभारी आहे'. पण प्रवाशाला हळूहळू वाचा फुटली. त्याने एकदा चक्क लिहिलं, सगळं फळ्यावरच काय शिकवता, मुलांना मैदानात काढा, काठी रोवून सावली मोजू द्या. सरांना राग आला. दोन दिवस त्यांनी त्याला उत्तर दिलं नाही. तिसऱ्या दिवशी गुपचूप वर्ग मैदानात नेला, तर घंटा झाली तरी मुलं हलेनात. त्या दुपारी सरांनी प्रवाशाचे आभार मानले. प्रवाशाने विचारलं, 'जेवलात का?' सरांनी लिहिलं, 'हो.' डबा शेजारी बंद होता.

तेव्हापासून रोज मधल्या सुट्टीत प्रवासी तेच विचारायचा आणि सर तेच खोटं सांगायचे. त्या एका प्रश्नासाठी ते सकाळपासून वाट बघत. प्रश्न आपणच लिहायचा आहे, हे माहीत असूनही वाट बघत. वेडेपणाच होता, पण करतात काय!

चर्चा वाचून बाई खूश झाल्या आणि तिथेच घोटाळा झाला. त्यांनी ठरवलं, शनिवारी सगळ्यांच्या सहकाऱ्यांना शाळेत बोलवायचं आणि प्रवासी सरांचं भाषण ठेवायचं. सरांनी प्रवाशाला ताप आणला. बाईंनी परस्पर मंचावर त्याला कळवलं, तुम्ही बरे झालात की कार्यक्रम ठेवू. प्रवाशाचा पाय मोडायचा प्रयत्न झाला, तर बाई गाडी पाठवायला निघाल्या. त्याला कायमचाच घालवावा, असंही एकदा सरांच्या मनात आलं. तसा निरोप त्यांनी लिहिलाही, पण पाठवायला हात धजेना. तो गेला तर मधल्या सुट्टीत उरणार कोण? अखेर प्रवाशाने लिहिलं, 'येतो.'

शनिवारी सभागृहात पाहुण्यांच्या खुर्च्या मांडल्या गेल्या. सर स्वागताला म्हणून फाटकाशी जाऊन उभे राहिले. बघतात तर विज्ञानाच्या बाई आधीच तिथे. त्या सरांच्या मागच्याच टेबलाशी बसत. नऊ वर्षांत दोघांचं बोलणं झालं असेल ते खडूपुरतं.

"तुमच्याही पाहुण्या यायच्यात वाटतं?" सर म्हणाले.

"येतील. तुम्ही आत जा, मी थांबते."

"नको नको, तुम्हीच जा."

दोघंही हलले नाहीत. अर्धा तास झाला. रस्त्यावरून एक सायकल गेली, तिच्याकडे दोघांनी फार आशेने पाहिलं.

"सर, एक विचारू?" बाई रस्त्याकडे बघतच म्हणाल्या. "तुम्ही फोन खिशात ठेवलात की मंचावर तुमचे प्रवासीही गप्प होतात. असं का?"

सरांनी खिशातला फोन चाचपला. "तुम्हाला कसं कळलं?"

"माझ्याही तशाच आहेत."

तेवढ्यात मुख्याध्यापिका बाई हातात गुच्छ घेऊन आल्या. आता शेरा चुकत नाही, म्हणून सरांनी मान खाली घातली. पण त्याही दोघांच्या शेजारी उभ्या राहून रस्त्याकडे बघत राहिल्या. मग घसा साफ करून म्हणाल्या, "माझ्या पाहुण्यांचंही आज काही खरं दिसत नाही." गुच्छ त्यांनी फाटकावर ठेवला आणि कार्यक्रम रद्द झाल्याचं सांगायला आत गेल्या.

सोमवारी मधल्या सुट्टीत सरांनी सवयीने फोन काढला, पण प्रवाशाचं खातं उघडवेना. आता तिथे कुणी नाही, हे तिघांना माहीत होतं. ते खिडकीबाहेर बघत बसले. आज खरोखर कुणीच नव्हतं, आणि त्यांना फार वाईट वाटलं.

"जेवलात का?"

सरांनी फोनकडे पाहिलं. फोन बंद होता. मागून विज्ञानाच्या बाईंच्या डब्याचं झाकण वाजलं.

"नाही," सर म्हणाले आणि खुर्ची फिरवली.